फॅटी लिव्हरचं निदान: सुई न टोचता कितपत कळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं वय ४६, दारू घेत नाहीत. नेहमीच्या आरोग्य तपासणीत सोनोग्राफीवर 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' आलं. रक्तात एएसटी ३८, एएलटी ६२ (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी ही दोन एन्झाइम्स), प्लेटलेट २,१०,०००, उपाशीपोटी साखर १०८ ('नॉर्मल' म्हणून लिहिलेली), बीएमआय २९. एका डॉक्टरांनी बायोप्सी (सुईने यकृताचा छोटा तुकडा काढून तपासणं) सुचवली, दुसऱ्यांनी 'काही करायची गरज नाही' म्हणून सांगितलं. त्यांच्या थोरल्या बहिणीचं वय ५८, मधुमेहाला १२ वर्षं झाली. त्यांच्या सोनोग्राफीत ग्रेड १, एएसटी ५२, एएलटी ४१, प्लेटलेट १,४८,०००. त्यांना 'किरकोळ आहे' म्हणून घरी पाठवलं. आता तीन गोष्टी विचारल्या आहेत: बायोप्सीशिवाय निदान होतं का, ग्रेड २ म्हणजे किती धोका, आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी का.

आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागाहून. तुम्हाला आज बायोप्सीची गरज दिसत नाही. ताईंच्या बाबतीत मात्र 'किरकोळ' हा शब्द मला मुळीच पटलेला नाही. तुम्ही दोघं समोर बसला असता तर मी आधी त्यांचे रिपोर्ट हातात घेतले असते. सोनोग्राफीतल्या ग्रेडवरून धोका ठरवायची सवय रुग्णांना आणि पुष्कळ डॉक्टरांनाही लागली आहे. तिच्यामुळे असं उलटं होतं: ज्याला धीर द्यायचा तो रात्रभर जागा राहतो आणि जिची नीट तपासणी व्हायला हवी ती निर्धास्त घरी जाते. यकृताचे रुग्ण बघण्यात माझी इतकी वर्षं गेली, पण हे चित्र पाहून अजूनही जीव कळवळतो, कारण हे टाळायला महागडं काही लागत नाही.

यकृताच्या किमान ५ टक्के पेशींत चरबीचे थेंब साठले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. पुष्कळांचं प्रकरण एवढ्यावरच थांबतं. काहींच्या यकृतात मात्र चरबीबरोबर दाह सुरू होतो, पेशी फुगतात, मरतात आणि हळूहळू तिथे तंतुमय व्रण साठायला लागतो. हा व्रण म्हणजे फायब्रोसिस. एफ-० म्हणजे व्रण नाही, एफ-४ म्हणजे सिरोसिस, आणि मधे तीन टप्पे. रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून जे अभ्यास झाले, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पुढे यकृत निकामी होईल का, यकृताचा कर्करोग होईल का, आयुष्य कमी होईल का, हे सगळ्यात जास्त अवलंबून असतं फायब्रोसिसच्या टप्प्यावर. चरबी किती आहे यावर ते त्यामानाने फारच कमी अवलंबून असतं. त्यात आणखी एक गोम आहे. व्रण वाढत जातो तशी चरबी पुष्कळदा ओसरते. सिरोसिस झालेल्या यकृतात कधी कधी ती जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे 'पूर्वी ग्रेड ३ होतं, आता ग्रेड १ आहे' ही बातमी वजन उतरलेल्या माणसाची असेल तर आनंदाची. वजन होतं तेवढंच आहे, मधुमेह जुना आहे आणि तरीही ग्रेड उतरली, तर मी सावध होतो.

सोनोग्राफी कमी लेखायची नाही. ती स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे आणि पहिली तपासणी म्हणून योग्यच आहे. डॉक्टर पडद्यावर यकृत आणि शेजारचं उजवं मूत्रपिंड यांची तुलना करतात. एरवी दोन्ही साधारण सारखे करडे दिसतात, चरबी साठली की यकृत उजळ दिसतं. नुसतं उजळ असेल तर ग्रेड १. आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट व्हायला लागल्या तर ग्रेड २. मागचा भाग आणि श्वासपटलाची रेघही नीट दिसेनाशी झाली तर ग्रेड ३. आता बघा, ही सगळी डोळ्यांची पारख आहे. मशीनचं सेटिंग, पोटावरच्या चरबीचा थर, बघणाऱ्याचा हात यांनी ग्रेड सहज एका पायरीने इकडची तिकडे होते. २० ते ३० टक्क्यांपेक्षा कमी पेशींत चरबी असेल तर सोनोग्राफीला ती बहुतेक वेळा दिसतच नाही. आणि सुरुवातीच्या किंवा मधल्या टप्प्यातला व्रण तिला दाखवता येत नाही. यकृताचा पृष्ठभाग खडबडीत, प्लीहा वाढलेली, पोटात पाणी असं काही दिसलं तर ते मोलाचं आहे, पण ते दिसेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ग्रेड २ वरून चरबी आहे एवढं कळलं, धोका किती ते अजून कळलेलं नाही.

चरबी कशामुळे, हेही बघावंच लागतं, आणि ते नुसत्या रक्त तपासणीने आणि नीट विचारपूस करून होतं. हिपॅटायटिस बी आणि सी या दोन तपासण्या आयुष्यात एकदा तरी झालेल्याच असाव्यात. थायरॉइड बघावं. मेथोट्रेक्सेट, टॅमॉक्सिफेन, अमिओडेरोन, व्हॅल्प्रोएट, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, ही औषधं चालू आहेत का ते विचारावं. वय कमी असेल तर विल्सन आजारासाठी (यकृतात तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार) सेरुलोप्लाझ्मिन करावं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) वाढलेलं आलं की लोक घाबरतात, पण फॅटी लिव्हरमध्ये ते वाढतंच. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन नॉर्मल असेल तर लोह साठण्याचा आनुवंशिक आजार सहसा नसतो. तसंच एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं) थोडं पॉझिटिव्ह येणंही या रुग्णांत नेहमीचं आहे, तेवढ्यावरून ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्याचा, शिक्का मारू नये. दारूबद्दल मी सगळ्यांना विचारतो, न ओशाळता आणि समोरच्याला न ओशाळवता. २०२३ साली या आजाराचं नाव आणि व्याख्या जगभरच्या तज्ज्ञ संघटनांनी बदलली. यकृतात चरबी आणि त्याबरोबर वजन किंवा कंबरेचा घेर, साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, एचडीएल यांपैकी एक तरी गडबड असेल, आणि दारू पुरुषाने दिवसाला ३० ग्रॅम, स्त्रीने २० ग्रॅम अल्कोहोलपेक्षा कमी घेतली असेल, तर त्याला आता 'मॅसल्ड' म्हणतात. म्हणजे जुन्या पद्धतीप्रमाणे बाकी सगळं नाकारत बसून उरलेलं निदान करायचं नाही, साखर-वजन-चरबीच्या बाजूने ते थेट करता येतं. तुमची साखर १०८ आहे. तुम्ही ती 'नॉर्मल' म्हणून लिहिली आहे, पण उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) करून घ्या.

आता मुख्य मुद्दा, व्रण. बायोप्सी हाच त्याचा अंतिम निवाडा, असं आम्हाला शिकवलं गेलं आणि त्यात तथ्यही आहे, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दाह, फुगलेल्या पेशी आणि तंतू प्रत्यक्ष दिसतात. पण सुईतून येणारा तुकडा अख्ख्या यकृताच्या सुमारे ५०,०००व्या भागाएवढा असतो. शितावरून भाताची परीक्षा करायची तर भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा. फॅटी लिव्हरमध्ये व्रण सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे एकाच वेळी दोन जागांहून घेतलेल्या तुकड्यांतही टप्पा वेगळा येऊ शकतो. एकच काच दोन पॅथॉलॉजिस्टनी पाहिली तर दाहाबद्दल त्यांचं मत जुळेलच असं नाही. दुखणं नेहमीचं, रक्तस्राव क्वचित, आणि जीव जाण्याचा धोका १०,००० मध्ये १ च्या आसपास. आकडा लहान आहे, पण फॅटी लिव्हर जगात सुमारे तीनातल्या एका प्रौढाला आहे. इतक्या माणसांना सुई टोचणं शक्यही नाही आणि न्याय्यही नाही. म्हणूनच ज्यांना व्रण असण्याची शक्यता नगण्य आहे त्यांना आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यांकडे नीट बघायचं, अशी पायऱ्यांची पद्धत आली.

पहिली पायरी म्हणजे फिब-४. हे सूत्र २००६ साली एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी एकत्र असलेल्या रुग्णांसाठी तयार झालं आणि नंतर फॅटी लिव्हरमध्येही खरं उतरलं. त्याला चार गोष्टी लागतात: वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट. काही रिपोर्टमध्ये एएसटीला एसजीओटी आणि एएलटीला एसजीपीटी लिहिलेलं असतं, ते एकच. वय गुणिले एएसटी हे वर. प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ हे खाली. वरच्याला खालच्याने भागायचं.

तुमचं करू. ४६ गुणिले ३८ म्हणजे १७४८. ६२ चं वर्गमूळ ७.८७, त्याला २१० ने गुणलं की १६५३. भागाकार १.०६.

आता ताईंचं. ५८ गुणिले ५२ म्हणजे ३०१६. ४१ चं वर्गमूळ ६.४, त्याला १४८ ने गुणलं की ९४७ च्या आसपास. भागाकार ३.१८.

१.३ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्याचा (एफ-३ किंवा एफ-४) फायब्रोसिस असण्याची शक्यता फार कमी. २.६७ च्या वर असेल तर ती शक्यता इतकी वाढते की यकृततज्ज्ञांकडे जायलाच हवं. मधला पट्टा अनिश्चित. म्हणजे ज्यांची ग्रेड मोठी आणि एएलटी चढलेलं, ते तुम्ही पहिल्या चाळणीत बाजूला निघालात. ज्यांची ग्रेड लहान, एएलटी जेमतेम वर, त्या ताई धोक्याच्या बाजूला गेल्या. नीट पाहिलं तर त्यांच्या रिपोर्टमध्ये सूत्र न मांडताही दोन खुणा दिसतात. एएसटी हे एएलटीपेक्षा वर गेलंय. साध्या फॅटी लिव्हरमध्ये बहुधा एएलटी वर असतं, व्रण वाढला की हे नातं उलटतं. दुसरी खूण प्लेटलेट दीड लाखाच्या खाली. यकृत कडक होतं तसा पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतला) दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात. शिवाय प्लेटलेट तयार करायला लावणारं संप्रेरक यकृतातच बनतं, तेही कमी पडतं. १,४८,००० हा आकडा 'थोडासाच कमी' म्हणून सोडून देतात. मधुमेह असलेल्या माणसात मी तो कधीच सोडत नाही.

एएलटी नॉर्मल म्हणजे यकृत नॉर्मल, असं समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठासून सांगतो. फायब्रोसिस असलेल्या पुष्कळ रुग्णांचं एएलटी प्रयोगशाळेच्या मर्यादेत असतं. शिवाय ती मर्यादाही कित्येक रिपोर्टमध्ये ४० किंवा ५० अशी सैल छापलेली असते. निरोगी माणसाचं खरं एएलटी पुरुषांत साधारण ३३ पर्यंत आणि स्त्रियांत २५ पर्यंत धरतात.

फिब-४ वापरताना काही पथ्यं पाळावी लागतात. चारही आकडे एकाच वेळच्या रक्ताचे हवेत. ताजा ताप, विशेषतः डेंग्यूसारखा, येऊन गेला असेल तर प्लेटलेट पडतात, एएसटी चढतं आणि फिब-४ भलताच वर जातो. महिना-दोन महिने थांबून पुन्हा करावा. जोरदार व्यायामाने स्नायूंतून एएसटी रक्तात येतं, तेव्हा तपासणीच्या आधीचे दोन-तीन दिवस व्यायामशाळेला सुट्टी. काही जणांच्या प्लेटलेट नेहमीच्या नळीतल्या रसायनाने एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. आकडा अनपेक्षितपणे कमी आला तर स्मिअर काचेवर बघायला सांगावं किंवा सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजावं. वय सूत्रातच असल्यामुळे पस्तिशीच्या आत ते भरवशाचं नाही, आणि पासष्टीनंतर १.३ ऐवजी २.० ही खालची मर्यादा धरतात, नाहीतर अर्धेअधिक वयस्कर लोक विनाकारण संशयित ठरतील. मधुमेह असलेल्यांत कमी फिब-४ थोडा कमी भरवशाचा असतो. तिथे बाकीची लक्षणं जुळत नसतील तर मी थेट पुढच्या पायरीवर जातो. आणि हेही लक्षात ठेवा की हे सूत्र 'नाही' सांगण्यात पटाईत आहे, 'आहे' सांगण्यात तितकं नाही. १.३ ते २.६७ मध्ये आलेल्या बऱ्याच जणांना प्रत्यक्षात काही विशेष व्रण नसतो.

दुसरी पायरी यकृताचा कडकपणा मोजण्याची, म्हणजे इलास्टोग्राफीची. तिच्यातली सर्वात प्रचलित फायब्रोस्कॅन, फ्रान्समध्ये तयार झालेली. तिच्यावरचे पहिले शोधनिबंध २००३ सालचे. तत्त्व सोपं आहे. बरगड्यांच्या मधून त्वचेवर एक हलकी टिचकी मारतात, तिची लहर यकृतातून पुढे जाते आणि अल्ट्रासाउंड तिचा वेग मोजतं. मऊ यकृतात लहर सावकाश जाते, कडक यकृतात वेगाने. वेगावरून कडकपणा किलोपास्कलमध्ये काढतात. रुग्णाने उताणं झोपायचं, उजवा हात डोक्यामागे घ्यायचा, म्हणजे बरगड्यांतली फट रुंद होते. दुखत नाही. पाच-दहा मिनिटांत दहा मोजण्या होतात आणि त्यांचा मध्यक रिपोर्टवर येतो. मोजलेला भाग बोटभर जाडीचा आणि चार सेंटिमीटर लांबीचा असतो, म्हणजे बायोप्सीच्या तुकड्याच्या जवळजवळ शंभर पट.

रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर फक्त मोठ्या अक्षरातल्या आकड्यावर जाते. तुम्ही त्याच्या शेजारचं 'आयक्यूआर/मीडियन' बघा. ते ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर दहा मोजण्या आपापसातच जुळत नव्हत्या, आणि असा रिपोर्ट, विशेषतः आकडा वाढलेला असताना, मी पुन्हा करायला लावतो. कोणता प्रोब वापरला तेही बघा. साधा एम प्रोब त्वचेखाली २५ ते ६५ मिलिमीटर खोलीवर मोजतो. पोट-छातीवर चरबीचा जाड थर असेल तर एक्सएल प्रोब लागतो, नाहीतर आकडा फसवा निघतो किंवा मोजणीच होत नाही. आणि निदान तीन तास उपाशी असणं आवश्यक आहे. जेवल्यावर यकृताकडे रक्त जास्त येतं आणि कडकपणा वाढलेला दिसतो. भरल्या पोटी झालेल्या फायब्रोस्कॅनवरून 'तुमचा आजार वाढलाय' असं ऐकून हबकलेले रुग्ण माझ्याकडे येतात. उपाशीपोटी पुन्हा केला की निम्म्या चिंता तिथेच मिटतात.

जेवणाखेरीज आणखी काही कारणांनी यकृत व्रण नसताना कडक लागतं. ताजी कावीळ किंवा हिपॅटायटिस, पित्तनलिकेत अडथळा, हृदय कमजोर होऊन यकृतात तुंबलेलं रक्त, आणि अलीकडे भरपूर घेतलेली दारू. म्हणून एएलटी शेकड्यांत असताना फायब्रोस्कॅन करून निष्कर्ष काढू नये. पोटात पाणी झालं असेल तर लहर पुढे जातच नाही.

आकडे कसे वाचायचे? ८ किलोपास्कलच्या खाली असेल तर पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस जवळपास नाकारता येतो. ८ ते १२ मध्ये संशय राहतो, आणि १२ च्या वर शक्यता बरीच. १५ च्या वर सिरोसिसच्या दिशेने, आणि २५ च्या वर पोर्टल शिरेतला दाब वाढलेला असण्याची दाट शक्यता, पण फॅटी लिव्हर असलेल्या स्थूल रुग्णांत हा शेवटचा निकष तितका पक्का नाही. ७.८ आणि ८.२ यांत फरक शोधत बसू नका, तो मोजणीतलाच चढउतार आहे. त्याच तपासणीत 'कॅप' नावाचा दुसरा आकडा येतो, १०० ते ४०० च्या दरम्यान. तो चरबीचा. २७५ च्या वर असेल तर चरबी आहे असं धरायला हरकत नाही. कॅपच्या ग्रेडवरून मात्र दोन रिपोर्टची बारीक तुलना करू नका. त्यासाठी ते माप पुरेसं नेमकं नाही.

फायब्रोस्कॅन जवळ नसेल तर अडून बसायचं कारण नाही. बऱ्याच नव्या सोनोग्राफी मशीनमध्ये शिअर वेव्ह इलास्टोग्राफी असते आणि अनुभवी हातात ती चांगली चालते. फक्त प्रत्येक कंपनीच्या मशीनच्या मर्यादा वेगळ्या, तेव्हा पुढच्या वेळी त्याच मशीनवर करा. रक्तातली ईएलएफ ही तपासणीही दुसऱ्या पायरीवर चालते. तंतू तयार होताना आणि मोडताना रक्तात येणारे तीन घटक ती मोजते. ९.८ च्या वर आकडा आला तर पुढच्या टप्प्याचा संशय, ११.३ च्या वर सिरोसिसचा. दोन वेगवेगळ्या तत्त्वांच्या तपासण्या एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर माझा विश्वास कितीतरी वाढतो. एकाच प्रकारची तपासणी तीनदा करून तसा तो वाढत नाही.

एमआरआय या सगळ्यात अचूक. त्यातली पीडीएफएफ ही पद्धत यकृतातल्या चरबीची थेट टक्केवारी देते, ५ टक्क्यांच्या आसपासची चरबीसुद्धा ओळखते आणि अख्खं यकृत बघते. औषधांच्या चाचण्यांमध्ये चरबी खरंच घटली का हे हल्ली तिच्यावरून ठरवतात. एमआर इलास्टोग्राफी कडकपणा मोजते आणि स्थूल माणसातही नीट चालते. इथे एक घोटाळा नेहमी होतो. तिचा आकडाही किलोपास्कलमध्येच असतो, पण त्याची पट्टी वेगळी. फायब्रोस्कॅनवर ४ म्हणजे निरोगी. एमआर इलास्टोग्राफीवर ३.६ च्या पुढे गेलं की पुढच्या टप्प्याचा फायब्रोसिस आणि ५ च्या आसपास सिरोसिस. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून 'आजार अर्ध्यावर आला' म्हणून खूश झालेलं कुणी भेटलं तर त्यांना हे सांगा. यकृतात लोह जास्त असेल तर ही मोजणी बिघडते. खर्च आणि उपलब्धता यांमुळे मी ती राखून ठेवतो, पहिल्या दोन पायऱ्यांचं एकमेकींशी जमत नाही तेव्हासाठी. सीटी स्कॅन केवळ फॅटी लिव्हरसाठी करू नका. दुसऱ्या कारणाने झाला आणि त्यात चरबी दिसली तर ठीक, नाहीतर किरणोत्सर्ग कशाला घ्यायचा?

या सगळ्यातून सुटणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे दाह. नुसती चरबी आहे की चरबीबरोबर पेशी मरताहेत, हे आजही खात्रीने सांगते ती बायोप्सीच. फायब्रोस्कॅन आणि एएसटी एकत्र करून काढलेला 'फास्ट' स्कोअर याचा अंदाज देतो (०.३५ च्या खाली शक्यता कमी, ०.६७ च्या वर जास्त), पण तो अंदाजच. उपचार ठरवताना मात्र या उणिवेमुळे पूर्वीइतकं अडत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या आजारासाठी मंजूर केलं, दोन्ही एफ-२ ते एफ-३ टप्प्यांसाठी, सिरोसिस नसताना. त्या मंजुरीत बायोप्सीची अट नाही. टप्पा सुईशिवाय ठरवून औषध सुरू करणं आता मान्य पद्धत झाली आहे.

मग मी बायोप्सी कधी करतो? एएनए ठळक पॉझिटिव्ह आणि आयजीजीही (रक्तातली प्रतिपिंडांची पातळी) चढलेलं असेल, म्हणजे ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा खरा संशय असेल तेव्हा. एखाद्या औषधाने यकृताला इजा झाल्याची शंका असेल तेव्हा. रक्ताच्या तपासण्या एक सांगतात, इलास्टोग्राफी दुसरं सांगते आणि एमआरआयनंतरही उलगडा होत नाही तेव्हा. आणि वजन उतरूनही एएलटी महिनोन्महिने चढलेलंच राहतं तेव्हा. अशा वेळी मी बायोप्सीचा आग्रह धरतो, आणि रुग्णाने भीतीपोटी ती टाळू नये, असंही तितक्याच कळकळीने सांगतो.

तुमच्यासाठी आता: हिपॅटायटिस बी-सी, एचबीएवनसी, लिपिड, थायरॉइड. एकदा उपाशीपोटी इलास्टोग्राफी केली तर हरकत नाही, पण तुमच्या आकड्यांवरून ती सक्तीची नाही. वजन ७ ते १० टक्के उतरवलं तर चरबी आणि दाह दोन्ही कमी होतात, १० टक्क्यांच्या पुढे व्रणही मागे हटू शकतो. सहा महिन्यांनी एएलटी पुन्हा बघा. उतरलं नाही तर दुसरी कारणं शोधायची. साखर उंबरठ्यावर असल्यामुळे फिब-४ दर एक ते दोन वर्षांनी काढा. कॅलक्युलेटरवर घरीही जमेल.

ताईंना या आठवड्यातच यकृततज्ज्ञांकडे न्या. जाताना जुने रिपोर्ट न्या, विशेषतः गेल्या पाच-सात वर्षांतले प्लेटलेटचे आकडे, असतील तेवढे सगळे. ते पायरीपायरीने उतरत आले असतील तर तेच फार बोलकं असतं. प्लेटलेट पुन्हा मोजून, स्मिअर बघून खात्री करतील. हिपॅटायटिस बी-सी, अल्ब्युमिन, बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि उपाशीपोटी फायब्रोस्कॅन होईल. ८ च्या खाली आलं तर प्लेटलेट कमी असण्याचं दुसरं कारण शोधतील. १२-१५ च्या वर आलं तर, प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असल्यामुळे, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एंडोस्कोपीचा विचार होईल.

आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी ही तेव्हाच लागते, सिरोसिस ठरला तर, ग्रेड मोजायला म्हणून नव्हे, यकृतात गाठ होत असेल तर ती लहान असतानाच सापडावी म्हणून. ताईंना कदाचित ती लागेल. तुम्हाला आज तिची गरज नाही.